तू कोणाचो?

आमच्या सिंधुदुर्गात एखादा पोरगा रस्त्यात नवीन दिसला की म्हातारी माणसं त्याला नाव विचारत नाहीत, शिक्षण विचारत नाहीत, ती विचारतात "तू कोणाचो रे?" म्हणजे कुणाचा मुलगा, कुणाच्या घरातला, कुठल्या वाडीवरचा. तेवढं कळलं की झालं, नाव काय ते नंतर निवांत कळतं. कॉलेजात असताना मला हे फार खटकायचं, म्हणजे मी म्हणून माझं काही आहे की नाही, सारखं बाप नि आजाच काय सांगत बसायचा. पण ख्रिस्ती श्रद्धेत माणसाची ओळख देवाबरोबरच्या नात्यातून ठरते असं जे म्हणतात, त्यातलं जे काय मला समजलंय ते ह्याच प्रश्नातून समजलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी मुंबईला एका कंपनीत अकरा वर्षं होतो. गावी नाताळाला आलो की चाकरमानी म्हणून मान असायचा, कुणी काय करतोस विचारलं की कंपनीचं नाव सांगायचो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं त्यावर माझं पोट भरायचं. मग एके दिवशी मीटिंगला बोलावलं, पंधरा मिनिटांत सगळं आटपलं आणि गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. त्या पट्ट्याची इतकी सवय झालेली की नंतर कितीतरी दिवस माझा हात आपोआप छातीकडे जायचा आणि तिथे काही नसायचं. पगार गेला त्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर पगारापेक्षा ते कार्ड गेल्याचं जास्त लागलं, कारण "मी काय करतो" आणि "मी कोण आहे" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हेच मी विसरून गेलो होतो.

तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरलो, मालवणच्या एसटीत बसलो, कुणी ओळखीचं भेटू नये अशी मनातल्या मनात प्रार्थना करत खिडकीकडे तोंड करून. आणि नेमकी एक म्हातारी मासळीची रिकामी पाटी घेऊन शेजारी आली. "सरक मगे, बसू दी माका." बसली, दोन मिनिटं माझ्याकडे निरखून बघितलं आणि आलाच प्रश्न, "तू कोणाचो रे बाबा?" मी म्हटलं, वाडीवरल्या मेस्तांचो नातू. आजोबा आमचे सुतार, होड्या बांधायचे. तिचा चेहरा एकदम उजळला, "अरे मगे आमचोच मां तू!" बस्स. काय करतोस, किती पगार, का आलास मधेच, काही नाही. माझ्या नवऱ्याची होडी तुझ्या आज्याने बांधलेली हे सांगत बसली चौक्यापर्यंत. आठवडाभरात पहिल्यांदा मला मी कुणीतरी आहे असं वाटलं, आणि ते मी काही केलं म्हणून वाटलं नाही, मी कुणाचा तरी आहे म्हणून वाटलं.

आता मूळ विषयाकडे येतो.

मराठीतला "ओळख" हा शब्द जरा नीट बघा, मला तो फार मोलाचा वाटतो. ओळख म्हणजे आपण कोण आहोत ते, आणि ओळख म्हणजे कुणाशी तरी असलेला परिचय सुद्धा, दोन्हीला एकच शब्द. "माझी स्वतःची ओळख निर्माण करायचीय" असंही आपण म्हणतो आणि "तहसील ऑफिसात तुझी कुणाशी ओळख आहे का" असंही म्हणतो. दुसऱ्या अर्थाने बघितलं तर ओळख एकट्याला होतच नाही, त्याला दोघं लागतात. बायबल माणसाच्या ओळखीबद्दल बोलतं ते नेहमी ह्या दोघांच्या ओळखीबद्दल बोलतं. येशूनंतर त्याचा संदेश गावोगाव पोचवणारा संत पौल गलतीकरांना, म्हणजे गलती प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिताना एके ठिकाणी वाक्य सुरू करतो की आता तुम्ही देवाला ओळखता, आणि लगेच स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतो, किंबहुना देवाने तुम्हाला ओळखलं आहे. ह्या दुरुस्तीत जवळजवळ सगळंच आलं. मी देवाला किती ओळखतो हे कमीजास्त होत राहणार, मूड, वय, संकट, अभ्यास ह्यावर. पण त्याने मला ओळखलेलं आहे ते माझ्यावर अवलंबून नाही. बायबलमधलं १३९ वं स्तोत्र सुरूच असं होतं, हे परमेश्वरा, तू मला पारखलं आहेस, तू मला ओळखतोस, माझं बसणं नि उठणं तू जाणतोस.

पण देव आपल्याला ओळखतो म्हणजे कोण म्हणून ओळखतो? इथे बायबलच्या पहिल्याच पानावर जायला लागतं. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात म्हटलंय की देवाने माणूस आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, नर आणि नारी अशी ती निर्माण केली. तेव्हाच्या जगात देवाचं प्रतिरूप म्हणजे राजा, बाकीची सगळी प्रजा. बायबल ते बिरुद राजाच्या डोक्यावरून काढून प्रत्येक माणसाला देतं, शेतात राबणाऱ्याला, बाईला, पोराटोरांना. म्हणजे माणसाची किंमत तो काय करू शकतो ह्याच्या आधी ठरलेली आहे.

ह्याच्याशी जोडून येशूचा एक प्रसंग आहे, सगळ्यांना अर्धाच माहीत असतो. लोक त्याला पेचात पकडायला विचारतात की रोमच्या बादशहाला कर द्यावा की नाही. तो नाणं मागवतो आणि विचारतो, ह्यावर चेहरा कुणाचा, लेख कुणाचा? ते म्हणतात कैसराचा, म्हणजे त्या बादशहाचा. मग कैसराचं ते कैसराला द्या आणि देवाचं ते देवाला. आपण हे वाक्य कर, सरकार, धर्म ह्याच्यासाठी वापरतो आणि सोडून देतो. पण दुसऱ्या अर्ध्या भागाचं काय, देवाचं ते म्हणजे कोणतं? मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, नाण्यावरच्या चेहऱ्याला जो शब्द आलाय, "आयकॉन", तोच शब्द उत्पत्तीच्या ग्रीक भाषांतरात माणसासाठी आलाय. नाण्यावर कैसराचा छाप म्हणून नाणं कैसराचं, आणि माणसावर देवाचा छाप म्हणून माणूस देवाचा. येशूचा प्रश्न बघा, तो विचारतो "हा चेहरा कुणाचा?" आमच्या एसटीतल्या म्हातारीचाच प्रश्न झाला हा.

तेव्हा गादीवर तिबेरियस होता आणि त्याच्या नाण्यांवर त्याला दिव्य ऑगस्टसचा पुत्र म्हटलेलं असायचं. गंमत अशी की तिबेरियस ऑगस्टसचा पोटचा मुलगा नव्हताच, इसवी सन ४ मध्ये ऑगस्टसने त्याला दत्तक घेतलेला, आणि खुद्द ऑगस्टसला ज्युलियस सीझरने मृत्युपत्रातून दत्तक घेतलेलं. रोमन लोकांत दत्तक ही अशी मोठी गोष्ट होती, बरेचदा मोठ्या वयाच्या माणसाला घ्यायचे, आणि घेतला की घराण्याचं नाव त्याचं, वारसा त्याचा, कमी दर्जाचा मुलगा असं काही नसायचं. पौल हाच शब्द उचलतो. त्याच्या पत्रांत तो पाच वेळा आलाय, दत्तकपण. रोमकरांना, म्हणजे जिथे बादशहाच दत्तक होते त्या शहरातल्या गुलाम, कारागीर, बायका अशा साध्या लोकांना तो लिहितो की तुम्हाला भीतीत ठेवणारा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळालाय, म्हणून आपण अब्बा, बापा अशी हाक मारतो. अब्बा हा येशूच्या घरातला, अरामी भाषेतला शब्द. म्हणजे येशू बापाला ज्या नावाने हाक मारायचा ती हाक आपल्याला मारायला दिली. प्रभूची प्रार्थना "हे आमच्या स्वर्गातील पित्या" अशी सुरू होते ती पण तिथूनच येते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. जन्मापासून शंभरदा बाप्तिस्मे बघितलेत पण जेवणाच्या नादात नीट लक्ष कधी दिलं नव्हतं. कॅथोलिक विधीत फादर आधी चर्चच्या दारात येऊन आईबापांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? नाव सांगितलं की बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूसाची खूण करतात, हे बाळ आता ख्रिस्ताचं असं सांगून. नंतर आईबाप करतात, धर्ममाता-धर्मपिता करतात. मग पाणी तीनदा, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने, मग डोक्याला तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. आमची भाची तीन महिन्यांची, ह्यातलं तिला काय कळणार, पाणी पडल्यावर अशी किंचाळली की मागच्या बाकापर्यंत सगळे दचकले. आणि मला तेव्हा लख्ख जाणवलं की हिने ह्या जगात अजून काहीच केलेलं नाहीये, दूध पिणं आणि झोपणं सोडून, आणि कपाळावर "तू कोणाची"चं उत्तर लिहून झालं. (काही पंथांत मोठेपणी, स्वतःच्या कबुलीने बाप्तिस्मा घेतात, त्यामागे त्यांचा विचार आहे, पण ओळख बाहेरून मिळते, कमवावी लागत नाही, हे त्यांच्यातही तेच.)

येशूच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचंही असंच. तो यार्देन नदीतून वर येतो आणि वाणी होते, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काचं शुभवर्तमान वाचलंत तर हे पहिल्याच अध्यायात आहे, तोपर्यंत एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही, नासरेथात सुतारकाम करणारा तिशीतला एक माणूस. बापाने संतोष आधी सांगितला, काम नंतर सुरू झालं. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, नव्वद टक्के पाड मग बघू. आणि लगेच पुढे काय होतं तर रानात सैतान येतो आणि मत्तय सांगतो त्याप्रमाणे पहिलंच वाक्य बोलतो, "तू देवाचा पुत्र असशील तर" ह्या धोंड्यांच्या भाकरी कर. भाकरी हा मुद्दाच नव्हता हो. मुद्दा तो "असशील तर". जे सहा आठवड्यांपूर्वी फुकट मिळालंय ते आता सिद्ध करून दाखव. मला वाटतं माझी मुंबईतली अकरा वर्षं ह्या "असशील तर"ला उत्तर देण्यात गेली.

इथे बरेच मराठी वाचक म्हणतील, मी कोण हा प्रश्न आपल्याकडे काय नवीन आहे. खरंच नाही. लहानपणी शेजारच्या गावच्या देवळात कीर्तनाला जायचो तेव्हा ऐकलेलं की जन्मलेलं बाळ "कोहं कोहं" करून रडतं, मी कोण, मी कोण, आणि त्याचं उत्तर "सोहं", तो मी आहे. हा फार मोठा विचार आहे आणि मी त्यावर बोलायच्या लायकीचा नाही. फक्त फरक सांगतो म्हणजे घोळ होणार नाही. ख्रिस्ती उत्तर "तो मी" असं नाही, "मी तुझा" असं आहे. तिथे मी उरतो आणि तू उरतोस, थेंब समुद्रात विरत नाही, कारण विरला तर प्रेम कुणी कुणावर करायचं. पौल म्हणतो ना, यापुढे मी जगतो असं नाही तर ख्रिस्त माझ्यात जगतो, ते वाचून वाटेल की पौल संपला. पण त्याच अध्यायात थोडं वर हाच पौल येशूच्या प्रमुख शिष्याला, पेत्राला, चारचौघांत खडसावताना दिसतो, पौलाचा तो तापट स्वभाव, ती घाई, सगळं जागच्या जागी आहे, फक्त हे सगळं आता कुणाच्या सेवेला ते बदललंय.

आणि ते भांडण कशावरून होतं माहितीये? पंगतीवरून. अंत्युखिया शहरात पेत्र बिगर-यहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर जेवायला बसायचा, मग यरुशलेमहून आपली माणसं आली तशी ती काय म्हणतील म्हणून हळूच पंगतीतून उठायला लागला. पौलाला ते सहन झालं नाही. त्याच पत्रात पुढे तो लिहितो की यहुदी आणि ग्रीक, दास आणि स्वतंत्र, नर आणि नारी हा भेद आता नाही, ख्रिस्त येशूत तुम्ही सगळे एकच. मला हे लिहिताना वाईट वाटतं की गोवा-कोकणातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत आजही सोयरीक जुळवताना जात बघतात. चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाची जात. कपाळावरच्या क्रूसाने जी ओळख दिली ती पुरेशी नाही असंच झालं ना हे. किरिस्तांव, म्हणजे ख्रिस्ती, आडनाव असणं, नाताळाला नेवऱ्या करणं, गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, येणं ही आमची ओळख आहे, मला तिचं प्रेम आहे, पण ती समाजाची ओळख झाली, देवाशी ओळख ही वेगळी गोष्ट आणि पहिलीवर भागवून दुसरी राहून जाते हे मी स्वतःच्या घरात बघितलंय.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं आहे. नारायण वामन टिळक, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले, चित्पावन, कवी. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात ह्याचा अर्थ काय होता ते आज कळणार नाही, जात गेली, गोत गेलं, बायको लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत आणि नवरा दुसरीकडे अशी पुढची काही वर्षं गेली, मग त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. "तू कोणाचो"ची जेवढी म्हणून उत्तरं माणसाकडे असतात ती टिळकांकडून एका दिवसात काढून घेतली गेली. पण त्यांनी नाव बदललं नाही, टिळक ते टिळकच राहिले, धोतर, अभंग, कीर्तन काही सोडलं नाही, आणि तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगायचे. मला ह्यात फार दिलासा वाटतो. देवाची ओळख मिळाली म्हणून आधीचं सगळं पुसून टाकायचं नसतं, ते त्याच्या हातात द्यायचं असतं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय ते. पेत्र. आमच्याकडे पेद्रू.

त्याचं खरं नाव शिमोन, गालीलच्या सरोवरावरचा मच्छीमार. येशूने त्याला नवीन नाव दिलं, पेत्र, म्हणजे खडक. आपण कोकणातले लोक त्याला कातळ म्हणू. दिसायला रांगडा, बोलायला पुढे, सगळे तुला सोडून गेले तरी मी जाणार नाही असं सगळ्यांसमोर सांगणारा. आणि मग येशूला पकडलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात, थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवलेला, तिथे हा शेकत उभा. एका दासीने विचारलं, तूही त्याच्यातलाच ना? म्हणजे बघा, इथेही तोच प्रश्न, तू कोणाचो. योहान ह्या दुसऱ्या शिष्याने लिहिलंय त्यात पेत्राचं उत्तर ग्रीकमध्ये दोनच शब्दांचं आहे, "मी नाही." त्याच अध्यायात थोडं आधी शिपाई येशूला शोधत येतात तेव्हा येशूचं उत्तर आहे "मी आहे." एकाच रात्री, एकाच गोष्टीत, गुरू म्हणतो मी आहे आणि शिष्य म्हणतो मी नाही. मार्काने लिहिलंय त्यात तर तो शपथ घेऊन म्हणतो, त्या माणसाला मी ओळखत नाही. आपण मराठीत म्हणतो ना, त्याने ओळख दाखवली नाही. पेत्राने ओळख दाखवली नाही, आणि त्याच क्षणी त्याची स्वतःची ओळख गेली. कातळ म्हणून आता कुठल्या तोंडाने मिरवणार?

मग तो काय करतो? क्रूसावर मेलेला येशू पुन्हा उठलाय हे कळल्यावरसुद्धा तो म्हणतो, "मी मासे धरायला जातो." मला हे वाक्य वाचलं की आमच्या गावची कितीतरी माणसं दिसतात, मुंबईत जमलं नाही, काय करायचं, चल जुन्या होडीवर. सात जण गेले, रात्रभर काही लागलं नाही.

पुढचा भाग समजायला आमच्या किनाऱ्यावरची रापण बघितलेली असली तर बरं. पहाटे होडी गोल फिरून जाळं सोडून येते, मग किनाऱ्यावर दोन बाजूंना माणसांच्या दोन रांगा दोर ओढत राहतात, कमरेपर्यंत पाण्यात, दोन-दोन तास, हळूहळू दोन्ही रांगा जवळ येतात आणि जाळ्याची पिशवी वाळूला लागते तेव्हा आत बांगडा, तारली, काय असेल ते थडथडत असतं. मी मुंबईहून आलो त्या आठवड्यात न जाऊन करतो काय म्हणून एका पहाटे दोराला हात लावला. तळहाताची सालं निघाली. संपल्यावर एका रापणकाराने मला काही न विचारता तीन-चार बांगडे वाटा म्हणून हातात दिले, आणि तिथेच बाजूला कुणीतरी निखारे केलेले त्यावर भाजत बसलेले ते म्हणाले, ये बस, खा. मीठ नाही, मसाला नाही, वरची साल काळी झालेली आणि आतून वाफ येणारा बांगडा बोटं भाजत खाल्ला.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायात हेच आहे. उजाडताना येशू किनाऱ्यावर उभा, ते त्याला ओळखत नाहीत. तो सांगतो उजवीकडे जाळं टाका, टाकतात, मासे एवढे की ओढवेना, १५३ मोठे मासे, मोजून लिहिलेत. योहान म्हणतो प्रभू आहे तो, आणि पेत्र कपडा गुंडाळून सरळ पाण्यात उडी टाकतो, शंभर वार पोहत येतो. आणि किनाऱ्यावर बघतो तर काय, कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द आहे, "अँथ्राकिया", तो फक्त दोनदा येतो, एकदा त्या वाड्यात आणि एकदा ह्या किनाऱ्यावर. योहानाने उगाच लिहिलेलं नाही ते. तोच वास, तीच धग, जिथे पेत्राने "मी नाही" म्हटलं होतं. येशू त्याला त्याच जखमेपाशी परत आणतो, पण आधी म्हणतो या, न्याहारी करा. आधी खायला घालतो.

मग तीन वेळा विचारतो. आणि हाक कशी मारतो तर "योहानाच्या पुत्रा, शिमोना". पेत्रा म्हणत नाही, कातळा म्हणत नाही. त्याचं जुनं नाव, बापाच्या नावासकट (हा योहान वेगळा, पेत्राचा बाप), आमच्याकडे विचारतात तसं कोणाचो ते धरून. आणि विचारतो काय? पुन्हा असं करणार नाहीस ना असं नाही, तुझी लायकी काय असं नाही. "माझ्यावर प्रीती करतोस काय?" एवढंच. तीनदा नाकारलेलं, तीनदा विचारलं, आणि तिसऱ्यांदा पेत्र रडवेला होऊन म्हणतो, प्रभू, तुला सर्व ठाऊक आहे, मी तुझ्यावर प्रीती करतो हे तू ओळखतोस. तू ओळखतोस. आता तो स्वतःच्या शब्दाची खात्री देत नाही, त्याला कळलंय तो शब्द किती टिकतो ते. मी कोण आहे हे तुला माहीत आहे, ह्यावर तो उभा राहतो. आणि येशू दर वेळी त्याला काम देतो, माझी मेंढरं चार. काम गेलेलं परत मिळालं, पण ते आता नात्याच्या मागून आलं.

हे खरं आहे का हे मला माझ्या आजीकडे बघून तपासावं लागलं. शेवटची तीन वर्षं तिला काही आठवत नव्हतं. आधी रस्ते विसरली, मग माणसं, मग स्वतःचं नाव. ओळख म्हणजे आपण जमवलेल्या आठवणी, आपली कामं, आपण स्वतःबद्दल सांगत असलेली गोष्ट एवढंच असेल तर माझी आजी मरायच्या तीन वर्षं आधीच संपली असं म्हणायला लागेल, आणि तसं म्हणणारी शिकलेली माणसं मला भेटलीत. मी गावी परत आल्यामुळे तिच्यापाशी बसायला मिळालं. ती रोज मला विचारायची, "तू कोणाचो रे?" आणि मी रोज सांगायचो, आजये, तुझोच गे, तुझो नातू. ती हसायची, बरं म्हणायची आणि पाच मिनिटांनी परत विचारायची. पण संध्याकाळी तेर्स सुरू झाली, म्हणजे रोझरी, की ती बोटं मण्यांवरून सरकवायची आणि "नमान मरिये" ह्या प्रार्थनेचा तिचा अर्धा भाग बरोबर वेळेला म्हणायची, एक शब्द चुकायची नाही. डॉक्टर सांगतील पाठांतर खोलवर राहतं म्हणून, असेलही. माझं म्हणणं एवढंच की ती मला ओळखत नव्हती तरी मी तिला ओळखत होतो, आणि त्यामुळे ती माझी आजीच होती, एक दिवसही कमी नाही. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो की आई आपल्या तान्ह्या पोराला विसरेलही, पण मी तुला विसरणार नाही, मी तुला आपल्या तळहातांवर कोरून ठेवलंय. रापणीच्या दोराने सोललेले माझे तळहात तेव्हा अजून भरायचे होते, त्यामुळे ते वाक्य मला वेगळंच लागलं.

डीट्रिख बोनहोफर म्हणून एक जर्मन पाळक होते, हिटलरच्या विरोधात गेले म्हणून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होते, १९४५ च्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिलं. १९४४ मध्ये तुरुंगातून त्यांनी मी कोण ह्याच प्रश्नावर एक कविता लिहिली. लोक म्हणतात मी शांत, धीराचा, आणि आतून मला माहीत आहे मी पिंजऱ्यातल्या पाखरासारखा अस्वस्थ, मग खरा मी कोणता? ह्याचं उत्तर ते देतच नाहीत. शेवटी देवाला एवढंच म्हणतात की मी जो कोणी असेन, तू मला ओळखतोस, मी तुझा आहे.

एक शंका नेहमी येते ती लवकर सांगतो. सगळं फुकट मिळालंय तर मग काही करायचंच नाही का? येशूने उधळ्या मुलाची गोष्ट सांगितली त्यात धाकटा परत येताना पाठ करून येतो की बाबा, मला चाकर म्हणून ठेव, आणि बाप ते वाक्य पुरं होऊ देत नाही, अंगठी, जोडे, चांगला झगा. हे सगळ्यांना आठवतं. थोरला आठवत नाही. तो घरीच होता, राबत होता, आणि बापाला म्हणतो इतकी वर्षं मी तुझी चाकरी करतोय. म्हणजे मुलगा असून तोही मनाने चाकरच. दोघांचं दुखणं एकच. बाप थोरल्याला कामावरून काढत नाही, फक्त म्हणतो, बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस, माझं ते सगळं तुझंच आहे. शेतात उद्याही जायचंच आहे, पण पगारासाठी जाणं आणि घरचं म्हणून जाणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे कोकणात कलमांच्या बागेत काम केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

आणि हे एकदा कळलं की कायमचं कळलं असं होत नाही. पेत्राचंच बघा. तिन्ही प्रश्न झाले, नातं जुळलं, येशू म्हणाला माझ्यामागे ये, दोघं किनाऱ्यावरून चालायला लागले आणि दहा पावलं जात नाहीत तोवर पेत्र मागे वळून योहानाकडे बघतो आणि विचारतो, प्रभू, ह्याचं काय? मी गावी आता छोटं फर्निचरचं काम करतो, आजोबांची हत्यारं आहेत अजून. परवा फोनवर जुन्या ऑफिसातल्या एकाचं प्रमोशन बघितलं आणि रंधा हातात तसाच राहिला. येशूने पेत्राला दिलेलं उत्तर मी दुकानात वरच्या फळीवर खडूने लिहून ठेवलंय, "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये." लाकडाच्या भुशाने ते दर आठवड्याला पुसट होतं, मग परत लिहितो.